आधी कागद, मग पाना

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

इचलकरंजीत यंत्र सहसा फेकून देत नाहीत. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग बसवला. तेव्हापासून नव्या यंत्रांइतकाच वापरलेल्या यंत्रांवरही या गावाचा जीव आहे. गिरण्यांनी काढून टाकलेले साधे माग इथे आले. पुढे परदेशात वापरून झालेले सुल्झर माग आले आणि इथल्या जॉबरांनी ते चालवून दाखवले. बंद पडलेल्या मागाचा भाग काढून चालत्या मागाला लावायचा, हे इथल्या पोराला शाळेत शिकवावं लागत नाही. त्यामुळे गाडीचं इंजिन गेलं की इचलकरंजीच्या माणसाच्या डोक्यात लगेच नव्या गाडीचा विचार येत नाही. तो गॅरेजात येतो आणि विचारतो, "दुसऱ्या गाडीचं इंजिन बसंल काय हो?"

बसतं. ते आधीच सांगून टाकतो. चेन ब्लॉक, वेल्डिंग मशीन आणि हातात कसब असलेला मिस्त्री असेल, तर जवळजवळ कुठलंही इंजिन कुठल्याही गाडीत बसवता येतं. पण इंजिन बसल्यावर ती गाडी वेळेवर थांबते का, घाटात तापते का, आरटीओच्या दारात उभी राहू शकते का, आणि उद्या काही झालं तर विमा कंपनीपुढे आपण कुठला कागद ठेवणार, हे खरे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरं बॉनेट उघडण्यापूर्वी शोधायची असतात. इंजिन उतरवून जमिनीवर ठेवल्यानंतर शोधायला गेलं, तर गाडी महिनोन् महिने विटांवर उभी राहते. अशा गाड्या आपल्याकडे प्रत्येक गल्लीत एखादी तरी दिसेल. तिच्या टपावर मांजर झोपलेलं असतं.

आता 'डोनर' गाडी म्हणजे काय ते बघू. रक्तदात्याला डोनर म्हणतात, तोच हा शब्द. आपल्या गाडीला इंजिन देण्यासाठी एक अख्खी दुसरी गाडी विकत घ्यायची, तिच्यातून हवं ते काढायचं आणि उरलेली निकालात काढायची. गिऱ्हाइकाला हे पहिल्यांदा ऐकताना उधळपट्टी वाटते. भंगारवाल्याकडे नुसतं इंजिन मिळतंय, मग अख्खी गाडी कशाला? कारण असं आहे की, भंगाराच्या दुकानात जमिनीवर पडलेलं इंजिन मुकं असतं. ते सुरू होतं का, धूर कुठल्या रंगाचा सोडतं, तेलाचा दाब धरतं का, तापल्यावर आवाज बदलतो का, यातलं काहीही ते सांगत नाही. गाडीत बसलेलं इंजिन मात्र चालवून बघता येतं. शिवाय इंजिन एकटं कधी काम करत नाही. त्याचे माउंटिंग, रेडिएटर, होस पाइप, सायलेन्सर, क्लच प्लेट, गिअरबॉक्स, अल्टरनेटर, वायरिंग, इथपासून एखाद्या विचित्र आकाराच्या ब्रॅकेटपर्यंत पन्नास वस्तू लागतात. अख्खी गाडी घेतली की त्या एकाच ठिकाणी, एकमेकींशी जुळलेल्या मिळतात. सुट्या जमवायला गेलात तर एका ब्रॅकेटसाठी आज कोल्हापूर, उद्या सांगली, परवा पुणे.

इंजिन बदलण्याचं हे वेड आपल्या भागात नवं नाही. ज्यांनी वडापच्या जीपने प्रवास केला आहे, त्यांना आठवत असेल. जुन्या महिंद्रा जीपला २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन असे, आणि ते पेट्रोल अक्षरशः प्यायचं. पेट्रोल आणि डिझेलच्या भावात तेव्हा एवढा फरक होता की, जीपवाल्यांनी पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवायचा सपाटा लावला. महिंद्राने स्वतः १९८०च्या दशकात प्युजोचं एक्सडीपी ४.९० हे २११२ सीसीचं डिझेल इंजिन आपल्या जीपला दिलं, आणि मग अपघातातल्या नव्या जीपचं इंजिन जुन्या जीपमध्ये, असा रस्ता मोकळा झाला. अँबॅसिडरमध्ये मॅटाडोरचं इंजिन बसवलेलं तर गावोगाव दिसायचं. लग्नाच्या वरातीत ती अँबॅसिडर आली की नवरा दिसायच्या आधी इंजिनाचा आवाज यायचा.

त्या बदलामागे सरळ हिशेब होता. इंधनात वाचणाऱ्या पैशातून इंजिनाची किंमत भरून निघत असे. आज तो हिशेब तसा राहिलेला नाही. पेट्रोलचे भाव जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले, आणि दोन्हींतलं अंतर पूर्वीइतकं उरलं नाही. तरीही "डिझेल टाकून द्या" म्हणणारी गिऱ्हाइकं येतात. वडिलांच्या वेळचा हिशेब मुलाच्या डोक्यात तसाच राहिलेला असतो. त्यांना मी कागद-पेन्सिल देतो. महिन्याला गाडी किती किलोमीटर फिरते ते लिहा, आजच्या भावाने किती वाचतील ते काढा, आणि खर्चाला त्याने भागा. बऱ्याच जणांचा हिशेब दहा-बारा वर्षांवर जातो. तेवढी वर्षं ती गाडी तरी टिकणार आहे का?

आणि पैशाच्याही आधी कायदा येतो. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांविषयी सांगितलं आहे. उत्पादकाने मूळ जो तपशील दिला आणि जो नोंदणीच्या पुस्तकात उतरला, त्याच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. इंधन बदलायचं असेल, म्हणजे सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरी, तर मान्यताप्राप्त किट लागतं आणि त्याच्या अटी असतात. इंजिन बदललं तर चौदा दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवून पुस्तकात नोंद करून घ्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळातल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं की, उत्पादकाच्या मूळ तपशिलाला सोडून केलेले बदल चालणार नाहीत. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि परवानगीत न बसणारा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अशी तरतूद आली.

याचा आपल्यापुरता सोपा अर्थ असा. त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं, त्याच इंधनावर चालणारं आणि तितक्याच सीसीचं इंजिन बसवायचं असेल, तर रस्ता आहे. इंजिनाचा नंबर बदलतो, तो नोंदवून घ्यायचा. याच्या पलीकडचं काही करायचं असेल तर परवानगी मिळेल असं गृहीत धरून गाडी उघडू नका. आधी आरटीओत जा, तोंडी नको, लेखी विचारा. "सगळे करतात, कोण बघतंय" हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा ऐकलं आहे! तपासणी नाक्यावर बघणारा नसेलही. पण अपघात झाला तर सर्व्हेअर येतो आणि तो इंजिनाचा नंबर बघतो. कंपनीला न कळवलेला बदल हे दावा नाकारायला कारण होऊ शकतं. स्वतःच्या गाडीचं नुकसान सोडा, पण रस्त्यावरच्या एखाद्या माणसाला लागलं असेल, तर त्याच्या भरपाईची रक्कम विमा कंपनी नंतर मालकाकडून वसूल करायला येऊ शकते. यंत्रमागावर पोट असलेल्या घराला ती रक्कम म्हणजे मागासकट शेड विकायची वेळ.

आता एक उदाहरण घेऊन सगळी आखणी कशी करायची ते बघू. उदाहरण मारुती जिप्सीचं घेतो, कारण आपल्या भागात पुढाऱ्यांपासून शेतकऱ्यांपर्यंत सगळ्यांना ही गाडी प्रिय. नवी मिळत नाही, त्यामुळे जुनी जपण्याकडे कल. १९८५ साली आली तेव्हा जिप्सीला ९७० सीसीचं इंजिन होतं. १९९०च्या दशकात तिला १२९८ सीसीचं मोठं इंजिन मिळालं, आणि पुढे कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं. समजा तुमच्याकडे १९८०च्या दशकातली ९७० सीसीची जिप्सी आहे आणि इंजिन तेल पितंय, चढ चढत नाही.

तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. पहिली, आहे तेच इंजिन खोलून बोअर करून घेणं. आपण कोल्हापूरच्या शेजारी राहतो हे आपलं भाग्य आहे. उद्यमनगरात सिलिंडर बोअर करणारे, क्रँक ग्राइंड करणारे, हेड सपाट करून देणारे एकापुढे एक बसले आहेत. ज्या शहराने ऑइल इंजिनं घडवली तिथे ही कारागिरी पिढ्यांनी मुरलेली आहे. ब्लॉक फुटलेला नसेल आणि पिस्टन-रिंग मिळत असतील, तर माझा कौल बहुतेक वेळा याच वाटेला असतो. इंजिन नंबर तोच राहतो, कागद तोच राहतो. गिऱ्हाइकाला यात मजा वाटत नाही, हा भाग वेगळा.

दुसरी वाट, दुसऱ्या ९७० सीसी जिप्सीचं इंजिन. हा खरा डोनरचा मार्ग. माउंटिंग तेच, गिअरबॉक्स तोच, वायरिंग तेच. आरटीओला सांगायचा बदल एवढाच, की नंबर वेगळा.

तिसरी वाट सगळ्यांना हवी असते. एस्टीमचं इंजिन! १९९४ साली आलेल्या एस्टीमलाही १२९८ सीसीचंच इंजिन होतं आणि मोठ्या जिप्सीच्या इंजिनाचं ते भावंडच. म्हणून लोकांना वाटतं, एस्टीम स्वस्तात मिळते, तिचं काढून जिप्सीत टाकू. पण भावंडं असली तरी दोघांचं बसणं वेगळं आहे. एस्टीम पुढच्या चाकांवर चालते, तिचं इंजिन बॉनेटखाली आडवं बसतं. जिप्सीत ते उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसतं. त्यामुळे तेलाचा संप, माउंटिंगचे ब्रॅकेट, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, क्लचकडची बाजू, सगळं जिप्सीचं लागतं. मग जिप्सीचे ते भाग शोधत फिरायचं, म्हणजे एका डोनरऐवजी दीड डोनर झाले. एवढं करून नोंदणी पुस्तकात ९७० सीसी लिहिलंय आणि आत १२९८ सीसी आहे, हा कायद्याचा पेच शिल्लक राहतोच. यावरून डोनर निवडण्याचा एक नियम हाती लागतो. इंजिन सारखं आहे का हे नंतर बघा. इंजिनाच्या भोवतीचं सगळं सारखं आहे का, हे आधी बघा.

डोनर बघायला जाताना काय न्यायचं? बॅटरी, कॉम्प्रेशन गेज, टॉर्च आणि नोंदणी पुस्तक वाचता येईल असा चष्मा. पहिलं काम कागदाचं. पुस्तकावरचा इंजिन नंबर आणि चॅसी नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून बघा. नंबरची जागा घासलेली, पुन्हा ठोकलेली किंवा ताज्या रंगाने झाकलेली दिसली, तर भाव कितीही चांगला असो, परत फिरा. चोरीच्या गाडीचं इंजिन तुमच्या गाडीत निघालं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' या सेवेत चोरीच्या गाड्यांची माहिती तपासता येते, ती तपासा. बँकेचं कर्ज चढलेलं आहे का ते पुस्तकात दिसतं. विक्रीचे फॉर्म २९ आणि ३० सहीसह घ्या. "भंगारात घेतोय, कागद कशाला" म्हणू नका. भंगारात घेताना तर कागद जास्तच हवेत.

मग गाडी. इंजिन थंड असताना सुरू करायचं. विकणारा आधीच गाडी तापवून ठेवतो, म्हणून पहिल्यांदा रेडिएटरला हात लावून बघा. सुरू झाल्यावर मागचा धूर बघा. निळा म्हणजे तेल जळतंय. पांढरा आणि थांबतच नाही, तर पाणी आत जात असण्याचा संशय. तेल भरायचं झाकण उघडून तिथून भकाभका वाफ येते का बघा, येत असेल तर रिंगा गेल्या. कॉम्प्रेशन मोजा. पेट्रोल इंजिनात साधारण १५० ते १८० पीएसआय मिळतं, पण मी एका आकड्यापेक्षा चारही सिलिंडरांच्या आकड्यांतलं अंतर बघतो. तिघं एका पातळीवर आणि चौथा खाली, तर त्या चौथ्याचं काही दुखतंय. अपघाती गाडी डोनर म्हणून वाईट नसते. मागून ठोकलेली असेल तर उत्तमच, तिचं इंजिन धडधाकट असतं आणि किंमत पडलेली असते. समोरून ठोकलेलीत मात्र रेडिएटर, पंखा, पुली, कधी ब्लॉकसुद्धा दुखावलेला असतो.

सगळ्यात जास्त सांभाळायचं ते पुराच्या गाडीपासून. आपल्या पंचगंगेने २००५, २०१९ आणि २०२१ असा तीनदा हिसका दाखवला. प्रत्येक पुरानंतर काही महिन्यांत स्वस्त गाड्यांची लाट येते. वरून धुऊन, पॉलिश करून, आत अत्तर मारून. इंजिनात पाणी असताना कोणी स्टार्टर मारला असेल, तर पिस्टन पाण्याला दाबायला जातो. हवा दबते, पाणी दबत नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो. असं इंजिन चालतंही काही दिवस, आणि मग एके दिवशी रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. पूर ओळखायचा कसा? मॅट उचलून खालचा पत्रा बघा. सीटच्या रुळांवरचा गंज बघा, हेडलाइटच्या आतली गाळाची रेघ बघा. अल्टरनेटरच्या जाळीत बोट घाला, नदीचा गाळ तिथे वर्षानुवर्षं राहतो. डिपस्टिकवर तेल चहासारखं दिसलं तर तिथेच थांबा. वायरिंगच्या कनेक्टरमध्ये हिरवट बुरशी असेल, तर ती गाडी फुकट मिळाली तरी महाग पडेल, कारण इंजेक्शनच्या गाडीचा मेंदू त्या तारांतूनच बोलतो.

इंजेक्शनच्या गाड्यांविषयी इथेच सांगतो. कार्बोरेटरच्या जमान्यात इंजिनाला चार तारा लागत. आता संगणक, त्याचे सेन्सर, टाकीतला पंप आणि बऱ्याच गाड्यांत चावी ओळखणारी यंत्रणा, एवढं सगळं एका कुटुंबासारखं एकमेकांना ओळखतं. यातला एक जण मागे राहिला तर इंजिन सुरूच होत नाही. म्हणून डोनरच्या वायरिंगला पक्कड लावायची नाही. प्रत्येक कनेक्टर सोडवायचा, चिठ्ठी बांधायची, सोडवण्यापूर्वी मोबाईलवर फोटो काढायचा. आपल्या गावात वहिफणीचं काम करणारी माणसं हजारो तार एक न चुकता भरतात. त्यांच्या मानाने गाडीचं वायरिंग म्हणजे काहीच नाही, पण शिस्त तीच लागते.

आता ज्यांना वेगळ्या जातीचं इंजिन बसवायचंच आहे आणि ज्यांनी त्यासाठी लेखी परवानगीचा विचार केला आहे, त्यांनी तीन गोष्टी मोजाव्यात. वजन, वेग आणि ब्रेक.

डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा जड. ते वजन पुढच्या पाट्यांवर आणि पुढच्या ब्रेकवर येतं. गाडी नाक खाली घालून चालते आणि वळणावर स्टिअरिंग जड होतं. वेगाचं गणित असं, की समजा पेट्रोल इंजिन मिनिटाला ५ हजार फेऱ्यांपर्यंत मजेत जातं आणि डिझेल ४ हजारांवर थकतं. गिअर आणि डिफरन्शिअल तेच ठेवलं, तर ज्या गिअरमध्ये गाडी ८० च्या वेगाने जायची तिथे ती आता ६४ वरच जाईल. मग मालक म्हणतो, इंजिन दमदार आहे पण गाडी पळत नाही. पळणार कशी? डिफरन्शिअल जुन्या इंजिनाला साजेसं आहे.

ब्रेकचं मात्र जरा थांबून सांगायला हवं. एकदा जोतिबाच्या डोंगरावरून उतरून एक जिप्सी थेट आमच्या गॅरेजात आली. परगावच्या कुठल्याशा गॅरेजात तिला मारुतीच्याच डिझेल गाडीचं इंजिन बसवलं होतं. चालकाचा चेहरा पांढरा पडला होता. म्हणाला, ब्रेक दगडासारखा झालाय, दोन्ही पाय देऊन उभा राहिलो तेव्हा गाडी थांबली. ब्रेकच्या तेलात, पाइपात, पॅडमध्ये काहीच दोष नव्हता. दोष होता तो न बसवलेल्या एका पंपाचा. झालं होतं असं, की पेट्रोल इंजिन हवा ओढताना थ्रॉटलमुळे मॅनिफोल्डमध्ये निर्वात तयार होतो आणि तो निर्वात ब्रेकच्या बूस्टरला जोर देतो. साध्या डिझेल इंजिनात तसा थ्रॉटल नसतो, म्हणून निर्वात तयार होत नाही. त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. आडव्या गाडीतून काढलेलं ते इंजिन उभं बसवताना पंप मागच्या पत्र्याला अडत होता, म्हणून कोणीतरी तो काढून तिथे पट्टी मारली होती. सपाट रस्त्यावर, हळू चालवताना कुणाच्या लक्षातही आलं नाही. गाडीत त्या दिवशी दोन लहान मुलं होती.

अडणारी वस्तू काढून टाकायची, ही आपल्या जुगाडू स्वभावाची धोक्याची बाजू. म्हणून मोजमाप आधी करायचं. डोनरमधून इंजिन उतरवण्यापूर्वी त्याची लांबी पंख्यापासून क्लचपर्यंत, उंची संपपासून झाकणापर्यंत मोजा. पुठ्ठ्याचा ढाचा करून आपल्या गाडीत धरून बघा. संप पुढच्या अ‍ॅक्सलवर टेकतो का? स्टिअरिंगचा दांडा एक्झॉस्टला लागतो का? पंखा आणि रेडिएटरमध्ये बोटभर तरी जागा राहते का? क्लचकडे जोडपट्टी करावी लागणार असेल, तर ती वेल्डिंगच्या दुकानात नको, लेथवर करून घ्या. क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य केसभर चुकला, तरी पायलट बुश आणि क्लच काही महिन्यांत खलास होतात.

खर्चाच्या बाबतीत मी एक पथ्य पाळायला सांगतो. डोनरचे उरलेले भाग विकून येणारे पैसे हिशेबात धरायचे नाहीत. दारं, काचा, टायर विकले जातात, पण तुमच्या सोयीने नव्हे. इंजिनाची किंमत सगळे धरतात. विसरतात ते सगळे गॅस्केट, तेल, कूलंट, नवी क्लच प्लेट, नवे होस, नवा टायमिंग बेल्ट, गाडी ओढून आणण्याचं भाडं, आरटीओची फी आणि त्यासाठी बुडालेले कामाचे दिवस. इंजिन बाहेर असताना क्लच आणि बेल्ट बदलला नाही, तर त्यासाठी पुन्हा सगळं उतरवावं लागतं. त्या दोन वस्तूंवर काटकसर करणाऱ्याशी मी वाद घालतो. हिशेबाची बेरीज झाली की तशीच पण चांगल्या स्थितीतली अख्खी गाडी बाजारात कितीला मिळते ते विचारून या. कधी कधी डोनर म्हणून बघायला गेलेली गाडीच आपल्या गाडीपेक्षा चांगली निघते. मग सरळ तीच वापरा आणि आपलीला डोनर करा. मनाला लागतं, पण हिशेब तसा आहे.

कामाचा क्रम शेवटचा. डोनर आणल्यावर आठवडाभर ती चालवा, म्हणजे तिचे दोष तिच्याच अंगावर कळतील. आपल्या गाडीत बसवल्यानंतर आवाज आला, तर तो इंजिनाचा की आपल्या कामाचा, हे ओळखणं फार अवघड जातं. दोन गाड्या शेजारी उभ्या करायला जागा आहे का बघा, गल्लीत शेजाऱ्याचा टेम्पो अडला तर तिसऱ्या दिवशी भांडण. आपली गाडी डोनर पूर्ण तपासून झाल्यावरच उघडायची. काम झालं की इंजिनच्या नंबरचा ठसा, बिलं, डोनरचे कागद आणि नोंदणी पुस्तक घेऊन चौदा दिवसांच्या आत आरटीओ, आणि त्याच फेरीत विमा कंपनीला लेखी पत्र.

आणि उरलेल्या डोनरला अंगणात सोडून देऊ नका. तिची नोंदणी अजून जिवंत आहे, आणि ती तुमच्या किंवा आधीच्या मालकाच्या नावावर आहे. कायमची निकामी झालेल्या गाडीची माहिती चौदा दिवसांत देऊन तिची नोंदणी रद्द करून घ्यायची, हे त्याच कायद्याच्या कलम ५५ मध्ये आहे. २०२१ पासून त्यासाठी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रांची व्यवस्था आली आहे. टप, दारं, चाकं कोणाला द्यायची ती द्या. चॅसी नंबरचा पत्रा मात्र अनोळखी माणसाने वेगळा मागितला तर देऊ नका. तो पत्रा आणि कागद एकत्र विकत घेणारे लोक बाजारात आहेत, आणि ते त्याचं काय करतात हे पोलिसांना विचारा.